थंडीत खाणे थांबवलेला टॅरँटुला: विश्रांती, कात की निर्जलीकरण?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पूर्ण वाढ झालेली मेक्सिकन रेड-नी जातीची टॅरँटुला मादी (टॅरँटुला म्हणजे मोठा, केसाळ कोळी) थंडी सुरू झाल्यापासून, म्हणजे सुमारे दोन महिने, काहीही खात नाही; तिने लपण्याच्या जागेचे तोंड माती आणि रेशमाने बंद करून घेतले आहे; ती सुप्तावस्थेत गेली आहे की आजारी आहे हे कळत नसल्यामुळे तिला उकरून बाहेर काढावे का आणि टाकीखाली हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) ठेवावी का, असे आपण विचारता. या दोन्ही गोष्टी करू नयेत. पाण्याची वाटी भरलेली ठेवावी, आत सोडलेला एखादा किडा शिल्लक असेल तर तो काढून घ्यावा आणि तिला तशीच राहू द्यावी. मात्र हाच सल्ला वेगळ्या जातीच्या कोळ्याला किंवा लहान पिल्लाला लागू केला तर तो घातक ठरू शकतो, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

टॅरँटुला हा बाहेरच्या तापमानावर अवलंबून असलेला प्राणी आहे. त्याच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग भोवतालच्या उष्णतेनुसार कमी-जास्त होतो, आणि ढोबळमानाने तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की हा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. त्यातही कोळ्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च त्याच आकाराच्या इतर बहुतेक संधिपादांपेक्षा (कीटकांसारख्या सांधेदार पायांच्या प्राण्यांपेक्षा) मुळातच कमी असतो. भक्ष्याची वाट पाहत बिळाच्या तोंडाशी तासन् तास निश्चल बसणे हीच ज्याची जगण्याची रीत आहे, त्याच्या शरीराला काटकसर सवयीची असते. पोटात साठवलेल्या चरबीवर सुदृढ प्रौढ मादी कित्येक महिने आरामात काढते. चिलीयन रोझ या जातीच्या माद्यांनी वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ अन्न नाकारल्याचे अनुभव पाळणाऱ्यांना वारंवार येतात, आणि त्यानंतर त्या काहीच घडले नसल्यासारख्या पुन्हा खाऊ लागतात. त्यामुळे दोन महिन्यांचा उपवास ही माणसाच्या दृष्टीने मोठी गोष्ट असली तरी आपल्या मादीच्या दृष्टीने ती किरकोळ आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सस्तन प्राण्यांच्या शीतनिद्रेत शरीर स्वतःचे तापमान जाणूनबुजून खाली आणते आणि त्या खोल निद्रेतून बाहेर येण्यासाठी त्याला बरीच ऊर्जा खर्च करावी लागते. टॅरँटुलाचे तसे नसते. तो गार असतो म्हणून मंद असतो, आणि ऊब मिळाली की त्याच दिवशी हालचाल करू शकतो. त्यामुळे थंडीच्या मोसमात मध्येच एखाद्या उबदार दुपारी तो बाहेर येऊन पाणी पितो, बिळाच्या तोंडाशी थोडा वेळ बसतो आणि पुन्हा आत जातो, यात विसंगत काहीच नाही. त्याला ‘अर्धवट जागा झाला’ असे समजून लगेच खायला घालण्याची गरज नसते, आणि अशा वेळी ‘झोप मोडली’ म्हणून त्याचे नुकसान झाले असेही नसते.

मग बिळाचे तोंड बंद करण्याचा अर्थ काय? त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. जमिनीत साधारण अर्धा मीटर खाली दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक जवळजवळ पोहोचतच नाही, आणि ऋतूंमधला फरकही कमी होऊन व उशिरा पोहोचतो. तोंड बंद केलेल्या बिळात हवा हलत नाही, ओलावा टिकतो, आणि मुंग्यांसारख्या लहान शत्रूंना आत शिरणे अवघड जाते. म्हणजे खुल्या निसर्गातला टॅरँटुला थंडी सोसत बसलेला नसून थंडीपासून दूर, स्थिर वातावरणात जाऊन बसलेला असतो. आपल्या टाकीत मात्र दहा-पंधरा सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असते. तेवढ्या थराला खोलीतले तापमान अडवता येत नाही. रात्री खोली गार झाली की थोड्याच वेळात तळापर्यंत सगळे गार होते. आपल्या मादीने तोंड बंद करून अंगभूत प्रवृत्तीप्रमाणे योग्य तेच केले आहे, पण त्या कृतीतून निसर्गात मिळणारे संरक्षण तिला टाकीत मिळत नाही. ती स्थिरता पुरवणे हे आपले काम आहे, आणि थंडीतल्या देखभालीचा सर्वात मोठा भाग माझ्या मते हाच आहे.

सगळ्या टॅरँटुलांचा हिवाळा सारखा नसतो, याकडे पाळणारे पुरेसे लक्ष देत नाहीत असे मला दिसते. टॅरँटुलांच्या थेराफोसिडी या कुळात हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्या वाळवंटापासून पर्जन्यवनापर्यंत पसरलेल्या आहेत. अमेरिकेच्या टेक्सस, ओक्लाहोमा, मिसुरी, कोलोरॅडो या भागांत राहणारा अफोनोपेल्मा हेंत्झी खरोखरीची कडक थंडी पाहतो. शरद ऋतूच्या अखेरीस तो बीळ बंद करतो आणि वसंतातच उघडतो. ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटातला अफोनोपेल्मा चाल्कोडीसही थंडीचे महिने बिळात काढतो. दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेच्या गवताळ प्रदेशातील ग्रामोस्टोला पल्क्रा या काळ्याभोर जातीला जून ते ऑगस्ट या तेथील हिवाळ्यात चांगलाच गारठा मिळतो, कधी दव गोठतेही. या जातींच्या प्रौढांना काही आठवडे १२ ते १५ अंशांचे तापमान कोरड्या वातावरणात सहज सोसते.

आपल्या रेड-नीची गोष्ट निराळी आहे. मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याकडील कोलिमा, हालिस्को, मिचोआकान या राज्यांत ब्रॅकिपेल्मा हमोरी ही जात आढळते. (बाजारात ‘स्मिथी’ या नावाने वर्षानुवर्षे विकले गेलेले अनेक प्राणी २०१७ मधील वर्गीकरणानंतर हमोरी ठरले, त्यामुळे जुन्या माहितीत दोन्ही नावे एकमेकांत मिसळलेली दिसतील.) तेथील पानझडी जंगलात साधारण जून ते ऑक्टोबर पाऊस पडतो आणि उरलेले महिने कोरडे जातात. म्हणजे तिच्या मूळ प्रदेशातला हिवाळा हा थंडीपेक्षा कोरडेपणाचा आणि भक्ष्याच्या टंचाईचा काळ आहे. म्हणून तोंड बंद करून बसणे हे तिच्या जातीला साजेसेच असले, तरी हेंत्झीसाठी योग्य असलेली थंडी तिला मुद्दाम देण्याचे कारण नाही. तिच्यासाठी दिवसा २० ते २५ अंश आणि रात्री १८ अंशांच्या आसपास हे पुरेसे आहे; एखाद्या रात्री तापमान १५-१६ अंशांपर्यंत उतरले तरी प्रौढ मादीला त्याने अपाय होत नाही.

ॲमेझॉनच्या उत्तर भागातील थेराफोसा ब्लाँडी, किंवा झाडांवर राहणाऱ्या अविक्युलेरिया वंशातील जाती यांना मात्र थंड ऋतू असा माहीतच नसतो. त्यांच्या मूळ ठिकाणी वर्षभर उष्ण आणि दमट हवा असते. अशा जातीच्या प्राण्याने थंडीत खाणे थांबवले आणि तो एका कोपऱ्यात पाय आखडून बसला, तर त्याला ‘हिवाळी विश्रांती’ म्हणून सोडून देणे चुकीचे आहे. त्याची टाकी फार गार झाली आहे असाच त्याचा अर्थ घ्यावा आणि ती २२ अंशांच्या वर आणावी.

दक्षिण गोलार्धातून आणलेल्या प्राण्यांबाबत आणखी एक गुंतागुंत असते. निसर्गातून पकडून आणलेली चिलीयन रोझ मादी उत्तर गोलार्धात आल्यावरही काही काळ आपल्या जुन्या ऋतुचक्राप्रमाणे वागते आणि भर उन्हाळ्यात उपवासाला बसते. कॅलेंडरकडे पाहून तिचे निदान करू गेल्यास गोंधळ उडतो. शिवाय अफोनोपेल्मा वंशातल्या काही लहान जातींचे नर शरद ऋतूच्या अखेरीस, म्हणजे बहुतेक कोळी बिळात शिरलेले असताना, माद्यांच्या शोधात बाहेर पडतात. तेव्हा ‘थंडी आली की सगळे झोपतात’ हा नियम नाही.

आता निदानाकडे येऊ. अन्न नाकारणे, मंद होणे आणि तोंड बंद करणे ही तिन्ही लक्षणे विश्रांतीत दिसतात तशीच कात टाकण्यापूर्वीही दिसतात. कात जवळ आली असेल तर पोट फुगलेले असते, अंगाचा रंग फिकट व मळकट होतो, आणि पोटावरचे खाज आणणारे केस झडून टक्कल पडले असेल तर त्या जागेची त्वचा गुलाबी-तपकिरीपासून हळूहळू गडद, जवळजवळ काळी होत जाते, कारण खाली नवे केस तयार झालेले असतात. बीळ बंद होण्याच्या सुमारास आपण काढलेले छायाचित्र असेल तर ते या दृष्टीने पुन्हा पाहावे. पण मला येथे आग्रहाने सांगायचे आहे ते असे की विश्रांती आणि कात या दोहोंतला फरक ओळखता आला नाही तरी काही बिघडत नाही. दोन्ही स्थितींत करायचे तेच असते: अन्न देऊ नये, पाणी द्यावे, हात लावू नये. ओळखायला हवा तो फरक निराळा आहे. एका बाजूला या दोन नैसर्गिक स्थिती आणि दुसऱ्या बाजूला निर्जलीकरण, कारण थंडीत पाळीव टॅरँटुला मरतात ते बहुधा भुकेने नव्हे, तर पाण्याअभावी.

याचे कारण त्यांच्या पायांच्या रचनेत आहे. टॅरँटुलाला पाय आत ओढण्यासाठी स्नायू असतात, परंतु पायांचे मुख्य सांधे सरळ करण्यासाठी तो शरीरातल्या द्रवाचा दाब वापरतो. शरीरातले पाणी कमी झाले की हा दाब घटतो, आणि पाय आपोआप शरीराखाली वळू लागतात. सर्व पाय शरीराखाली मुठीसारखे आवळले गेलेले असणे ही मरणोन्मुख स्थिती आहे आणि तिच्यावर तातडीने उपाय करावा लागतो. गारठ्यात विश्रांती घेणारा कोळीही पाय अंगाजवळ घेऊन बसतो, मात्र ते अंगाभोवती असतात, टोके जमिनीवर टेकलेली असतात, आणि मऊ ब्रशने हलकेच स्पर्श केल्यावर, थोड्या विलंबाने का होईना, पाय सावकाश सरकतो. पाठीवर उलटा पडलेला कोळी मेलेला नसून बहुतेक वेळा कात टाकत असतो. त्याला सरळ करण्याचा प्रयत्न केल्यास त्याच्या मऊ अंगाला इजा होते.

पोट हा सर्वात विश्वासार्ह निकष आहे. वरून पाहताना पोट निदान पुढच्या, म्हणजे पाय जोडलेल्या भागावरच्या, कवचाइतके रुंद, गोलसर आणि ताणलेले असेल तर उपवास कितीही लांबला तरी काळजीचे कारण नाही. पोट कवचापेक्षा लहान दिसू लागले, त्यावर सुरकुत्या पडल्या किंवा ते काही आठवड्यांतच डोळ्यांना जाणवेल इतके आक्रसले, तर ती विश्रांती नव्हे. विश्रांतीत वजन फार हळू घटते. झपाट्याने घटणारे वजन पाण्याची कमतरता, परजीवी किंवा दुखापत सुचवते. तोंडाभोवती पांढरा चिकट थर दिसणे, चालताना तोल जाणे, पाय झटके दिल्यासारखे हलणे किंवा सांध्यातून द्रव गळणे या गोष्टींचा थंडीशी संबंध नसतो, आणि त्या दिसल्यास विदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे. प्रत्येक महिन्याला त्याच अंतरावरून, वरून एक छायाचित्र काढून ठेवण्याची सवय लावावी. स्मरणशक्तीपेक्षा अशी छायाचित्रे कितीतरी अधिक उपयोगी पडतात. आपल्या मादीच्या बिळाची आतली बाजू काचेतून दिसत असेल तर लाल किंवा मंद प्रकाशात पाहून घ्यावे. दिसत नसेल तर केवळ पाहण्यासाठी तोंड फोडू नये, विशेषतः तोंड बंद करताना तिचे पोट भरलेले होते हे आपल्याला आठवत असेल तर.

खालून ऊब देण्याविषयी माझे मत ठाम आहे. बिळात राहणारा प्राणी उष्णता असह्य झाली की खाली जातो, कारण निसर्गात उन्हाच्या वेळी खाली गारवा असतो. टाकीच्या तळाशी हीट मॅट असेल तर तो जितका खाली जाईल तितका अधिक तापतो, आणि त्याच्या प्रवृत्तीने सांगितलेला बचावाचा मार्गच त्याला मारतो. शिवाय तळाचे कोकोपीट आधी कोरडे पडते, म्हणजे बिळातला जो ओलावा टिकवायचा तोच निघून जातो. ऊब द्यायचीच असेल तर सर्वात चांगला उपाय म्हणजे खोली गरम ठेवणे. ते शक्य नसेल तर हीट मॅट टाकीच्या एका बाजूच्या भिंतीला, बाहेरून, तीही थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारे उपकरण) लावूनच वापरावी, म्हणजे दुसरी बाजू गार राहून प्राण्याला निवड करता येईल. प्रखर बल्ब वापरू नयेत. त्यांचा झोत पोटाची त्वचा कोरडी करतो.

खोली गरम करणारी उपकरणे हवा बरीच कोरडी करतात, म्हणून हीटर चालू असलेल्या खोलीत पाण्याची वाटी उन्हाळ्यापेक्षाही लवकर रिकामी होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘तो खात नाही, म्हणजे पाणीही पीत नसेल’ असे समजून वाटी कोरडी ठेवणे हा थंडीतला सर्वात महागात पडणारा निष्काळजीपणा आहे. वाटी नेहमी भरलेली असावी. त्याच वेळी माती भिजवून ठेवू नये. थंड आणि ओली माती हे सर्वात वाईट मिश्रण आहे. त्यात बुरशी वाढते आणि कोळी चिखलटलेल्या जागेपासून दूर राहण्यासाठी काचेवर चढून बसतो. रेड-नीसाठी वाटीभोवतीचा एक कोपरा अधूनमधून किंचित ओलसर करणे पुरेसे आहे. तोंड बंद केलेल्या बिळाजवळ तळापर्यंत पोहोचेल इतकेच थोडे पाणी महिन्यातून एखाद्या वेळी काचेच्या कडेने सोडता येते, मात्र बिळात थेट पाणी ओतू नये.

निर्जलीकरण झालेला प्राणी समोर असेल तर त्याला उथळ पाण्याच्या वाटीच्या कडेवर असे ठेवावे की तोंडाकडचा भाग पाण्याला टेकेल आणि पोट कोरड्या बाजूला राहील. श्वसनेंद्रियांची छिद्रे पोटाच्या खालच्या बाजूला असतात, ती पाण्यात बुडता कामा नयेत. टाकी २४-२५ अंशांवर आणावी आणि काही तास त्याला एकटे सोडावे. ओल्या कागदाने झाकलेल्या डब्यात अशा प्राण्याला कोंडून ठेवण्याची जुनी पद्धत मी वापरत नाही, कारण त्याला हवेतला दमटपणा नव्हे तर प्यायला पाणी हवे असते.

अन्नाबाबत फार काही सांगण्यासारखे नाही. बीळ उघडे असेल आणि प्राणी बाहेर दिसत असेल तर महिन्यातून एकदा लहान किडा देऊन पाहावा, आणि तो २४ तासांत घेतला नाही तर काढून टाकावा. भुकेला रातकिडा मंद झालेल्या किंवा कात टाकणाऱ्या कोळ्याला कुरतडू शकतो, आणि मीलवर्मसारख्या अळ्या मातीत शिरून नंतर त्रास देतात. बीळ बंद असेल तर काहीही टाकू नये.

काही जण विचारतात की प्राण्याच्या आरोग्यासाठी मुद्दाम थंडीचा काळ द्यावा का. केवळ पाळण्यासाठी ठेवलेल्या प्राण्याला त्याची गरज असल्याचे मला आढळलेले नाही. वर्षभर २२ ते २४ अंशांवर ठेवलेल्या माद्याही दीर्घकाळ जगतात आणि त्यांपैकी कित्येक तरीही थंडीच्या सुमारास आपणहून खाणे कमी करतात. प्रजनन करायचे असेल तर गोष्ट वेगळी. ग्रामोस्टोला, अफोनोपेल्मा आणि ब्रॅकिपेल्मा या वंशांतील माद्यांचा शरद ऋतूत नराशी मिलाप घडवून त्यांना दोन-तीन महिने थोड्या थंड आणि कोरड्या वातावरणात ठेवले, आणि त्यानंतर हळूहळू ऊब, पाणी व भरपूर अन्न दिले, तर अंड्यांची पिशवी तयार होण्याची शक्यता चांगलीच वाढते, असा प्रजनन करणाऱ्यांचा व्यापक अनुभव आहे. ग्रामोस्टोला पल्क्रामध्ये तर याशिवाय यश क्वचितच मिळते. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते, पण मध्येच तिने कात टाकली तर तो साठाही कातीबरोबर जातो. म्हणून मिलापापूर्वी तिने अलीकडेच कात टाकलेली असणे महत्त्वाचे. थंडावा द्यायला सुरुवात करण्यापूर्वी मादीचे पोट भरलेले असावे आणि तापमान एकदम न उतरवता आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवावे.

पिल्लांना आणि प्रौढ नरांना यातले काहीही लागू करू नये. पिल्लाच्या इवल्याशा पोटात साठा जवळजवळ नसतो आणि त्याचे शरीर पाणी फार वेगाने गमावते, त्यामुळे जात कोणतीही असली तरी पहिली एक-दोन वर्षे त्याला उबदार ठेवून नियमित खायला घालावे. त्यानेही स्वतःला कोंडून घेतले तर ते बहुधा कातीसाठीच असते, आणि तेव्हा फक्त माती अंशतः ओलसर राहील हे पाहावे. शेवटची कात टाकून प्रौढ झालेल्या नराचे आयुष्य बहुतेक जातींत वर्ष-दीड वर्षच उरलेले असते. तो खाणे सोडतो ते ऋतूमुळे नव्हे, वयामुळे, आणि त्याला गारव्यात ठेवून काही साधत नाही.

आपल्या मादीकडे परत येऊन सांगायचे तर, हवा उबदार होऊ लागली की ती स्वतःच तोंड उघडेल. टाकीचे तापमान आपण वाढवणार असाल तर एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावे. ती बाहेर आल्यावर पहिले काही दिवस ताजे पाणी आणि शांतता एवढेच द्यावे, त्यानंतर तिच्या पोटाच्या निम्म्याहून लहान आकाराचा एखादा किडा. ती तजेलदार, नव्या रंगात आणि पांढऱ्या सुळ्यांसह बाहेर आली, तर तिने आत कात टाकली आहे. सुळे पुन्हा पूर्ण काळे होईपर्यंत, म्हणजे तिच्या आकाराच्या मादीसाठी साधारण दोन आठवडे, खायला देऊ नये, आणि बिळाच्या तोंडाशी ढकललेली कात मिळाल्यास ती जपून ठेवावी, कारण तिच्या आतल्या बाजूवरून प्राणी मादी असल्याची खात्री करता येते.